आधी त्याला बाहेर येऊ द्या, मग कबुली विचारा

प्रति,
मा. संचालक, अभियोग संचालनालय, महाराष्ट्र राज्य,
आणि पुणे जिल्ह्यातील सर्व सहायक सरकारी अभियोक्ते यांस,

स.न.वि.वि.

मी सिंहगड रस्त्याच्या बाजूला दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज चालवतो. सरकारी वकिलांना जाहीर पत्र लिहायचे कारण माझ्यासारख्याला एरवी पडत नाही. पण माझ्याकडे काम करणाऱ्या एका मुलाने न केलेला गुन्हा कोर्टात उभा राहून कबूल केला, आणि तिथे हजर असलेल्या कुणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. केस निकाली निघाली, शिपायाने पुढचा पुकारा केला. हे माझ्या गळ्याखाली उतरत नाही. खासगीत लिहिले असते तर आवक नोंदवहीत एक क्रमांक पडला असता आणि पत्र तिथेच राहिले असते, म्हणून पुणेकरांसमोर लिहितो आहे.

मुलाचे खरे नाव, पोलीस ठाणे, न्यायालय यांपैकी काही लिहीत नाही; त्याच्यामागे आधीच पुरेसे शुक्लकाष्ठ लागले आहे. त्याला दत्ता म्हणू. कायद्याची कलमे मला माझ्याकडे स्कूटर आणणाऱ्या एका वकीलबाईंनी समजावली आणि हे पत्र तपासूनही दिले. भाषा आणि राग माझा.

दत्ता नांदेडकडचा, वय वीस. गॅरेजच्या पोटमाळ्यावर झोपायचा. एका ग्राहकाची जुनी स्प्लेंडर त्याने स्वस्तात घेतली होती. आरसी होती, इंजिन मात्र गेलेले. सुटे भाग जमवून ती उभी करायची हा त्याचा नाद. रविवार आला की स्वारी जुन्या बाजारात. एकदा शॉकॲब्झॉर्बर, एकदा टाकी, आणि एका रविवारी गोणीत घालून अर्धे इंजिन घेऊन आला. बिल नाही. जुन्या बाजारात बिल मागून बघा, दुकानदार तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघेल. त्या इंजिनाच्या क्रँककेसवरचा नंबर चोरीला गेलेल्या एका गाडीचा निघाला.

इथे मेकॅनिक म्हणून दोन शब्द. चोरीचे इंजिन वापरायचे असेल तर सगळ्यात आधी तो नंबर घासतात. ग्राइंडर लावला की दोन मिनिटांचे काम, आणि माझा ग्राइंडर दत्ताच्या उशापायथ्याशी असायचा. नंबर जसाच्या तसा होता. उलट त्याने ब्रश मारून केसिंग इतके लख्ख केले होते की पोलिसांना तो वाचायला टॉर्चसुद्धा लागला नाही. मी हे तिथल्या तिथे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. लिहून घेतले नाही.

कलम लागले भारतीय न्याय संहितेचे ३१७, चोरीचा माल बाळगल्याचे. जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षे.

आता पहिली तक्रार. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, आधी नोटीस देऊन बोलवा, अटक करायचीच तर कारणे लिहा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावले आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या, कलम ३५ मध्येही नोटिशीची तीच वाट आहे. दत्ताला नोटीस आली नाही, गाडी आली. कारण विचारले तर उत्तर तयार: राहायचा पक्का पत्ता नाही. म्हणजे ज्याला पुण्यात भाड्याची खोली परवडत नाही, तो नोटीस घेण्याच्या लायकीचा नाही. अटक पोलीस करतात हे मला कळते. पण रिमांडच्या वेळी आपला माणूस तिथे उभा असतो. ‘नोटीस का दिली नाही?’ हा प्रश्न त्याने पोलिसांना विचारायला काय हरकत होती?

याच सुमाराला माझ्या एका जुन्या ग्राहकावर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. बांधकाम व्यवसायातला माणूस, बुलेटचा शौकीन. एकच फ्लॅट दोघांना विकल्याची तक्रार. त्या कलमाला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दत्ताच्या दुपटीहून जास्त. त्यांना नोटीस आली. तारखेला वकील घेऊन गेले, तोवर सत्र न्यायालयातून अटकपूर्व जामीन हातात होता. मग वाटाघाटी झाल्या, तक्रारदाराला पैसे परत मिळाले, त्याने हरकत नसल्याचे प्रतिज्ञापत्र दिले आणि उच्च न्यायालयात गुन्हा संमतीने रद्द झाला. एक दिवस कोठडी नाही, दोषी असल्याचा शिक्का नाही. गॅरेजात स्टुलावर बसून चहा पिता पिता ते म्हणाले, “मिटलं बुवा एकदाचं.”

त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी केले ते सगळे कायद्याने केले. मुळात व्यवहाराचा वाद असेल तर दोघांनी मिटवलेला गुन्हा उच्च न्यायालय रद्द करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ग्यान सिंग खटल्यात मान्य केले आहे. तक्रारदारालाही त्याचे पैसे मिळाले, चांगलेच झाले. माझे म्हणणे एवढेच की हीच वाट दत्ताच्या पायाखाली कधी येणार नव्हती. ती सुरू होते उच्च न्यायालयाच्या वकिलाच्या फीपासून.

दुसरी तक्रार आपल्या ‘से’ची. जामीन अर्ज आला की सरकार पक्षाचे म्हणणे मागवतात. दत्ताच्या अर्जावरचे म्हणणे मी वाचले आहे. ‘आरोपी परजिल्ह्यातील असून जामिनावर सोडल्यास फरार होण्याची, साक्षीदारांवर दबाव आणण्याची व पुन्हा अशाच प्रकारचे गुन्हे करण्याची दाट शक्यता आहे.’ वकीलबाईंनी मला दुसऱ्या तीन प्रकरणांतले म्हणणे दाखवले. नाव आणि गुन्हा रजिस्टर नंबर सोडला तर काना-मात्रेचा फरक नव्हता. साक्षीदार कोण, तर एक पंच आणि गाडीचा मालक; त्यांच्यावर गॅरेजातला पोऱ्या कसला दबाव आणणार? आणि परजिल्ह्यातला असणे हा पुण्यात संशयाचा मुद्दा कधीपासून झाला? निम्मे पुणे परजिल्ह्यातले आहे. साहेब, आपल्यापैकीही बरेच जण असतील.

न्यायाधीशांनी ते म्हणणे बाजूला ठेवून जामीन दिला, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पंधरा हजारांचा जामीन आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. आम्ही गॅरेजात पेढे वाटले.

पुण्यात श्रीमंती आणि फौजदारी कायदा एका वाक्यात आले की सगळ्यांना कल्याणीनगर आठवते. १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. अल्पवयीन चालकाला बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला, अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध. शहर पेटून उठले. पुढे ससूनमध्ये रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. ते सगळे न्यायप्रविष्ट आहे, मी त्यावर बोलणार नाही. मला आठवतो तो २५ जून २०२४ चा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश. जामीन मिळालेल्या मुलाला पुन्हा निरीक्षणगृहात डांबणे कायद्यात बसत नाही, म्हणून त्याला सोडा, असे न्यायालय म्हणाले. गॅरेजात त्या दिवशी सगळे चिडले होते. मी नव्हतो. जामीन झालेल्या माणसाला आत ठेवता येत नाही, हे तत्त्व मला शंभर टक्के मान्य आहे. मग दत्ताचा जामीन होऊनही तो आतच कसा राहिला?

ही माझी तिसरी आणि सगळ्यात मोठी तक्रार.

जामीनदार म्हणून मीच उभा राहायला गेलो. आधार कार्ड पुण्याचे, रेशनकार्ड गावचे, गॅरेजची जागा भाड्याची, गावचे घर आणि पाच एकर वडिलांच्या नावावर. टेबलापलीकडच्या कारकुनाने कागद बोटाने सरकवत पाहिले. “पगारपत्रक?” मी स्वतःच मालक, मला पगार कोण देणार? “सात-बारा स्वतःच्या नावाचा?” नाही. “मग ऐपतीचा दाखला आणा.” तो गावाकडच्या तहसिलीतून. त्याला तलाठ्याचा अहवाल, त्याला सर्कलची सही, त्याला वडिलांचे संमतिपत्र. रोख भरतो म्हणालो, तर त्यासाठी वेगळा अर्ज, त्यावर पुन्हा आपले म्हणणे, त्याला पुढची तारीख. आणि त्या तारखेला साहेब रजेवर. कोर्टाच्या आवारात एक गृहस्थ हळूच येऊन म्हणाले, “जामीनदार पाहिजे का? कागद एकदम क्लिअर.” दरही सांगितला. ज्या व्यवस्थेत खरा जामीनदार नापास आणि भाड्याचा पास होतो, तिथे अडचण पैशाचीच आहे हे सांगायला वकील लागत नाही.

यावर कायदा गप्प आहे का? नाही. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच्याकडून दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगितले, आणि आपल्याच देशातला माणूस दुसऱ्या जिल्ह्यात परका कसा ठरतो, असे फटकारले. त्याला आता जवळपास पन्नास वर्षे होतील. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लेखी निर्देश दिले: जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा, स्थानिक जामीनदाराचा हट्ट हे सुटका लांबण्याचे एक कारण असून अशी अट घालू नये. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली, जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत आणि दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत मदत. दत्ताची गरज पंधरा हजारांची होती. त्याला या योजनेचे नाव बराकीत कुणी सांगितले नाही, मला कोर्टात कुणी सांगितले नाही. मला ते कळले तोवर तो सुटून आला होता.

तो पावसाळ्यात आत गेला. गणपती आत, दसरा आत, दिवाळीही आत.

देशभरातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीला ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. चारातले तीन. येरवड्यात क्षमतेच्या दुपटीहून जास्त माणसे राहतात हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यांतल्या किती जणांचा जामीन झालेला आहे आणि केवळ कागदापायी ते आत आहेत, हा आकडा जाहीर झालेला मी कधी पाहिला नाही.

आता त्या दिवसाकडे येतो. दोषारोप निश्चितीची तारीख होती. मी मागच्या बाकावर, खिशात ऐपतीच्या दाखल्याच्या अर्जाची पोच. दाखला तीन-चार दिवसांत मिळणार होता, ते दत्ताला सांगायचे होते. बोलू दिले नाही. पोलिसाने त्याला पुढे केले. दोषारोप वाचून दाखवला गेला, मला त्यातले निम्मे कळले. “गुन्हा कबूल आहे का?” दत्ताने मान वर केली नाही. “कबूल आहे.” “कुणाच्या दबावाखाली सांगतोस का?” “नाही.” आपले अभियोक्ता दुसऱ्या प्रकरणाचे कागद चाळत होते. सरकार पक्षाला काही म्हणायचे नव्हते. आतापर्यंत भोगलेली कैद हीच शिक्षा आणि पाचशे रुपये दंड. कोर्टात याला ‘अंडरगोन’ म्हणतात. दंड मी भरला. संध्याकाळी तो बाहेर आला.

मी विचारले, “अरे, दाखला मिळणार होता, एवढी कसली घाई?”

“शेठ, बराकीतले सगळे म्हणाले, कबूल कर, आज सुटशील. केस लढली तर साक्षीदार यायलाच वर्ष जाईल. मोठ्या जामीनवाल्याला परवडतं लढणं.”

बराकीतल्या लोकांचा हिशेब चुकीचा होता असे मी कुठल्या तोंडाने म्हणू?

आता कायद्यात दत्तासाठी काय काय होते ते बघा. प्ली बार्गेनिंग, म्हणजे आरोपी, सरकार पक्ष आणि पीडित यांनी मिळून शिक्षा-भरपाई ठरवायची सोय, आपल्याकडे ५ जुलै २००६ पासून आहे. नव्या संहितेत ती कलम २८९ ते ३०० मध्ये आली. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांना लागू; स्त्रिया व मुलांवरचे गुन्हे वगळून. दोषारोप ठेवल्यापासून तीस दिवसांत आरोपीने अर्ज करायचा. न्यायाधीशांनी त्याला बंद खोलीत, दुसरी बाजू समोर नसताना, तू हे मनापासून करतो आहेस ना, असे विचारायचे. मग साठ दिवसांत सगळ्यांनी बसून तोडगा काढायचा. पहिलाच गुन्हा असेल तर शिक्षा कमाल शिक्षेच्या एक षष्ठांशापर्यंत खाली येऊ शकते, किंवा परिवीक्षेवर, म्हणजे कैद न देता चांगल्या वर्तनाच्या हमीवर, सोडता येते. अर्जात दिलेली कबुली दुसऱ्या कशासाठी वापरता येत नाही. वीस वर्षे होत आली तरी या मार्गाने निकाली निघणारे खटले देशात एक टक्काही नाहीत. दत्ताच्या बाबतीत तर ज्या दिवशी ते तीस दिवस सुरू व्हायचे, त्याच दिवशी ते संपले.

आणि हा अर्ज कुणी करून दिला असता तरी काय पदरात पडले असते? तीन वर्षांचा सहावा हिस्सा म्हणजे सहा महिने. त्यातले बहुतेक तो आधीच भोगून बसला होता. सरकारकडे सवलत म्हणून द्यायला जे होते ते त्याने जामीनदाराअभावीच फेडून टाकले होते. माझ्या बुलेटवाल्या ग्राहकाने हाच अर्ज केला असता तर त्याच्यासाठी ती खरी सवलत ठरली असती, कारण तो घरून येऊन घासाघीस करणार होता. कात्रजच्या घाटात रात्री बंद पडलेल्या गाडीचा मालक मेकॅनिकशी भावावरून हुज्जत घालत नाही, मागेल ते देतो. घरी दुसरी गाडी असलेला चार गॅरेजे फिरतो. कबुलीचेही तसेच आहे. एक माणूस आतून ‘हो’ म्हणतो आणि एक बाहेरून. कागदावर दोघांचा ‘हो’ सारखाच दिसतो.

परिवीक्षेबद्दल तर बोलूच नका. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ६ मध्ये एकवीस वर्षांखालच्या मुलाला शक्यतो कैद देऊ नये, द्यायचीच तर परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून आणि कारणे लिहून द्यावी, असे आहे. कलम १२ म्हणते की या कायद्याखाली सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. दत्ता वीसचा. पहिलाच गुन्हा. अहवाल नाही, कारणे नाहीत, हा विषयच निघाला नाही. त्याचा नेमलेला वकील बोलला नाही, हे खरे. पण वय आपल्याच दोषारोपपत्रावर पहिल्या पानावर लिहिलेले होते. परिणाम असा, की चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलेली नोकरी चारित्र्य पडताळणीत गेली. ‘भोगलेली कैद’ म्हणजे सुटका नव्हे, तो गुन्हेगार ठरला आहे, हे त्याला तिथल्या खिडकीवर समजले.

आणि फिर्यादीला तरी काय मिळाले? ज्याची गाडी चोरीला गेली तो घरोघरी पार्सल पोचवणारा माणूस. त्याला कोर्टात एकदा भेटलो. त्याला दत्ताच्या शिक्षेत काडीचा रस नव्हता, इंजिन परत हवे होते. ते पोलीस ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून पडलेले, सिलिंडर उघडा, वरून पाऊस. मी पाहिले तेव्हा पिस्टन गंजून जाम झाला होता. चर्चेला बसवले असते तर मी ते इंजिन बांधून त्याच्या गाडीवर चढवून दिले असते, मजुरीसुद्धा घेतली नसती. तोडग्यात भरपाई बसते, कायद्यात तशी तरतूद आहे. खरा चोर आजही मोकळा आहे, कारण कबुली मिळाली, फाइल बंद झाली आणि जुन्या बाजारातल्या त्या विक्रेत्याचा शोध घ्यायचे कारण उरले नाही.

हा धोका कुणाला माहीत नव्हता असे नाही. १९७६ मध्ये महाराष्ट्रातल्याच भेसळीच्या तेलाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की व्यापारी आरोपी तुरुंग टाळण्याच्या बदल्यात कबुली देऊन सुटतो, आणि या सौद्यात समाजाचे हित वाऱ्यावर जाते. कृष्ण अय्यरच होते ते. म्हणजे भीती होती पैसेवाला कबुली देऊन स्वस्तात सुटेल याची. ती खोटी नव्हतीच. पण गरीब कबुली देऊन महागात सुटेल, हे दुसरे टोक तेवढेच खरे निघाले. अमेरिकेत तर सगळा गाडा यावरच चालतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्वतःच नोंदवले की संघराज्याच्या न्यायालयांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के दोषसिद्धी कबुलीतून येतात. न्यूयॉर्कमध्ये कलीफ ब्राउडर नावाचा सोळा वर्षांचा मुलगा २०१० मध्ये एक दप्तर चोरल्याच्या आरोपावरून आत गेला. जामीन तीन हजार डॉलर, घरच्यांकडे नव्हता. कबूल कर, सुटशील, असे त्यालाही सांगितले गेले. तो नाही म्हणाला. तीन वर्षे तुरुंगात काढल्यावर खटलाच मागे घेतला गेला. दोन वर्षांनी त्याने आयुष्य संपवले. म्हणून दत्ताने ‘नाही’ म्हणायला हवे होते, असे मला कुणी सांगू नये.

आपल्या लोकांवर कामाचा बोजा किती आहे ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. एकच अभियोक्ता, दिवसाचा बोर्ड संपता संपत नाही, बसायला धड खुर्ची नाही. कुणी लाच घेतली, कुणी मुद्दाम केले, असे मी म्हणत नाही. उलट दुखते ते हेच, की कुणीही वाईट न वागता हे झाले.

आता मागण्या.

जामीन अर्जावरचे छापील म्हणणे बंद करा. सात वर्षांखालच्या गुन्ह्यात विरोध करायचा असेल तर या आरोपीबद्दलचे, या गुन्ह्यातले कारण लिहा. ‘परजिल्ह्यातील’ हे कारण म्हणून लिहू नये असे परिपत्रक काढा. आरोपी गरीब दिसत असेल तर जातमुचलक्याला किंवा रोख जामिनाला सरकार पक्षाची हरकत नाही, असे तिथेच म्हणा. वेगळा अर्ज आणि वेगळी तारीख कशाला?

दुसरी मागणी माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची. ज्याचा जामीन झाला आहे पण जो सुटलेला नाही, अशा कैद्याची कबुली त्याच दिवशी नोंदवायला आपल्या अभियोक्त्याने हरकत घ्यावी. कबुलीवर शिक्षा द्यायची की नाही हा न्यायाधीशांचा स्वेच्छाधिकार आहे, त्यामुळे हे त्यांच्या लक्षात आणून द्यायला कायद्याची आडकाठी नाही. आधी अट सैल करून त्याला बाहेर येऊ द्या. बाहेरून येऊन त्याने कबूल केले तर खुशाल नोंदवा.

दोषारोपाच्या दिवशी प्ली बार्गेनिंगचे तीस दिवस आणि परिवीक्षा या दोन गोष्टी आरोपीला त्याच्या भाषेत सांगितल्या, असे सरकार पक्षाने रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या दैनंदिन नोंदीत, यायला लावावे. वय एकवीसच्या आत असेल तर परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागण्याचा अर्ज सरकार पक्षानेच द्यावा. आपण शिक्षा मिळवून देणारे खाते नाही, न्यायालयाला मदत करणारे आहात, असे वकीलबाई म्हणतात. मला ते पटते.

आकडे जाहीर करा. नव्या संहितेच्या कलम २० प्रमाणे सात वर्षांखालच्या खटल्यांवर देखरेख ठेवायचे काम सहायक संचालकांचे आहे, म्हणजे माहिती गोळा करायला माणूस आहे. पुणे जिल्ह्यात दर तिमाहीला प्ली बार्गेनिंगचे किती अर्ज आले, किती कबुल्या ‘अंडरगोन’वर संपल्या, त्यांतल्या किती जणांचा जामीन आधीच झालेला होता, आणि पैसे देऊन संमतीने रद्द झालेल्या किती गुन्ह्यांना सरकार पक्षाने ना-हरकत दिली, हे चार रकाने संकेतस्थळावर टाका. नावे नकोत.

आणि एक किरकोळ: मुद्देमालातली इंजिने उघडी ठेवू नका. ताडपत्री स्वस्त असते.

दत्ताच्या प्रकरणात अपिलाचा सल्ला आम्ही घेतो आहोत. त्यासाठी आपल्याकडे काही मागत नाही. यांतल्या पहिल्या दोन मागण्यांना नवा कायदा लागत नाही, विधिमंडळ लागत नाही, पैसाही लागत नाही. आपल्या सहीचे परिपत्रक पुरे. ते काढणार की नाही, आणि काढणार असाल तर कधी, हे मराठीत, लेखी आणि जाहीरपणे कळवावे.

कळावे,

आपला,
एक दुचाकी मेकॅनिक
सिंहगड रस्ता परिसर, पुणे

प्रत माहितीसाठी : सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, पुणे